हार्ट रीफवरून उड्डाण: आधी ओहोटी बघा, मग तिकीट काढा

मी ब्रिस्बेनला राहते. भारतातून कुणाचे आई-बाबा आले की महिन्याभरात फोन येतोच, "अगं, ते हृदयाच्या आकाराचं प्रवाळ वरून दाखवतात ना, ते करायचंय, कुठे बुक करू?" मी विचारते, "दिवस कसा ठरवलास?" उत्तर ठरलेलं असतं, "परतीच्या आदल्या दिवशी मोकळे आहोत, तेव्हा करू."

गाडी इथेच चुकते. परतीच्या आदल्या दिवशी पाऊस आला तर फार तर पैसे परत मिळतील, हृदय मिळणार नाही. पाऊस नसला आणि नेमकी पूर्ण भरती असली तर निळ्या पाण्यात एक धूसर डाग बघून परत याल. सगळी मेहनत उड्डाणाच्या आधीची आहे, आणि तिला एक क्रम आहे. तो खाली देते.

## टप्पा १: कुठून उडायचं ते पक्कं करा

ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतची प्रवाळांची रांग, सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे. "रीफवरून उड्डाण" या नावाची तिकिटं उत्तरेच्या केर्न्सलाही मिळतात आणि व्हिट्संडे बेटांसमोरच्या एअर्ली बीच गावातही. केर्न्सहून उडालात तर तिथली बेटं आणि रीफ दिसतील, तेही सुंदर आहेत, पण हार्ट रीफ दिसणार नाही. ती व्हिट्संडे बेटांच्या पलीकडे, हार्डी रीफच्या आत आहे. केर्न्स ते एअर्ली बीच रस्त्याने ६०० किलोमीटरहून जास्त पडतं. "केर्न्सला चाललोच आहोत, तिथूनच करू" हा बेत सोडून द्या.

व्हिट्संडेमध्येही तीन विमानतळ आहेत आणि त्यांतल्या दोघांची नावं सारखी वाटतात:

- प्रॉसरपाइनजवळचा व्हिट्संडे कोस्ट विमानतळ. ब्रिस्बेन, सिडनीहून येणारी मोठी विमानं इथे उतरतात. एअर्ली बीचपासून गाडीने अर्ध्या तासाहून थोडं जास्त.
- हॅमिल्टन आयलंडचा विमानतळ. बेटावर राहणार असाल तरच सोयीचा. इथूनही रीफची उड्डाणं होतात, पण एअर्लीत मुक्काम असेल तर आधी फेरीबोटीने बेट गाठावं लागतं.
- फ्लेमट्रीची छोटी धावपट्टी, नाव "व्हिट्संडे एअरपोर्ट". एअर्ली बीच आणि शूट हार्बर यांच्यामध्ये. एअर्लीत राहणाऱ्यांची बहुतेक छोटी विमानं इथूनच सुटतात.

तपासा: तिकिटावर नुसतं "व्हिट्संडे" लिहिलं असेल तर फोन करून "फ्लेमट्री का?" असं विचारा. टॅक्सीवाल्यालाही फ्लेमट्रीच सांगा.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना ६०० वर्गाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, तो हातात पडल्याशिवाय इथलं काहीही बुक करू नका.

## टप्पा २: दिवस आणि वेळ ठरवा

यात तीन गोष्टी जुळवायच्या: ओहोटी, ऊन आणि वारा. याच क्रमाने.

ओहोटी. हार्ट रीफ जेमतेम १७ मीटर रुंद आहे. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते, म्हणजे हृदय पिचपेक्षाही छोटं. वरून ते उठून दिसतं ते कडांमुळे, आणि पाणी खाली गेलं की कडा स्पष्ट होतात. भरतीत त्याच कडा पाण्याखाली विरघळल्यासारख्या होतात. हिल इनलेट या खाडीतली पांढऱ्या वाळूची आणि फिरोजी पाण्याची वळणंही ओहोटीलाच खुलतात, आणि बहुतेक उड्डाणं तिथूनच जातात. एक वेळ साधली की दोन्ही मिळतात.

वेळा कुठे बघायच्या? ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात "शूट हार्बर" शोधा. बाहेरच्या रीफवर वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाजाला हा तक्ता पुरतो. ओहोटीच्या तळाच्या दोन तास आधीपासून तळानंतर तासभरापर्यंत रीफवर असाल, असं गणित बांधा.

कोकणातल्या वाचकांना एक सांगते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिथल्या किनाऱ्याचा आहे. प्रत्येक बंदराचं गणित वेगळं, शूट हार्बरला तो लावू नका. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी) हे मात्र इथेही तसंच. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप खाली जातं, पण ती ओहोटी सोयीच्या वेळी येईलच असं नाही. उधाण शोधत बसू नका, भर दिवसा येणारी ओहोटी शोधा.

ऊन. सूर्य वर असला की किरणं पाण्यात खोल शिरतात आणि रंग दिसतात. कलत्या उन्हात पाणी आरशासारखं चमकतं आणि खालचं काही कळत नाही. म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन. भल्या सकाळी हवा शांत असते, विमान कमी हलतं, हे खरं, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी दहाच्या बाजूला सरकावं. सातचं उड्डाण मात्र मी कुणाला सुचवत नाही. सूर्योदय बघायचा असेल तर गोष्ट वेगळी.

ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पंधरवड्यातले चार-पाच दिवस सलग असे निघतात, की ओहोटी दहा ते दोनमध्ये येते. सहलीच्या तारखा त्या दिवसांभोवती लावा. सुट्टी आधीच ठरली असेल तर निदान तुमच्या दिवसांतला सर्वात बरा दिवस तरी निवडता येईल.

वारा आणि ऋतू. डिसेंबर ते मार्च पावसाळा. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. २०१७ च्या मार्चअखेरीस डेबी हे चक्रीवादळ थेट एअर्ली बीचवर आदळलं होतं. शाळांच्या सुट्ट्या नेमक्या डिसेंबर-जानेवारीत येतात, त्यामुळे मेलबर्न-सिडनीची मंडळी तेव्हाच येतात. या, पण हातात दोन दिवस जास्त ठेवा. हिवाळ्यात हवा कोरडी, पण आग्नेयेकडून वारा जोरात वाहतो. माझी पसंती सप्टेंबर-ऑक्टोबरला: वारा पडलेला, ढग कमी. देवमासे बघायचे असतील तर जून ते सप्टेंबर. हंपबॅक पिलांना जन्म द्यायला या पाण्यात येतात आणि वरून छान दिसतात. पायलटला खाली जायला मात्र सांगू नका, त्यांना कायद्याने ठरलेली उंची राखावी लागते.

इशारा: इथलं क्वीन्सलंड राज्य घड्याळ पुढे-मागे करत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल सिडनी-मेलबर्न इथल्यापेक्षा एक तास पुढे असतं. मनगटावरचं घड्याळ तसंच राहिलं तर तासभर आधी पोहोचाल, एवढंच. भरतीचं ॲप मेलबर्नच्या वेळेवर राहिलं तर मात्र सगळं गणित चुकेल. तक्ता क्वीन्सलंडच्या वेळेतला आहे ना, हे बघूनच तारीख लिहा.

## टप्पा ३: कशातून उडायचं

छोटं विमान, सीप्लेन आणि हेलिकॉप्टर असे तीन पर्याय. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी डोळे मिटून छोटं विमान सांगते: साधारण तासाभराचं, धावपट्टीवरून सुटून तिथेच परत येणारं. एक गोष्ट विचारून घ्या, पंख वर आहेत का? सेसना कॅरॅव्हॅन, एअरव्हॅन अशा विमानांचे पंख खिडकीच्या वर असतात, म्हणून खालचं मोकळं दिसतं. पंख खाली असलेल्या विमानात तुम्ही तासभर पंखच बघाल.

"प्रत्येकाला खिडकी आहे का?" हा दुसरा प्रश्न. "दोन्ही बाजूंनी घिरट्या घालता का?" हा तिसरा. दोन्हींना हो म्हणाले तर डावी बाजू की उजवी यावरून घरात वाद घालू नका.

सीप्लेन पाण्यावर किंवा व्हाइटहेवन किनाऱ्याजवळ उतरतं. मजा आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांना तरत्या पट्टीवरून उतरणं जड जातं. हेलिकॉप्टर महाग, रीफजवळच्या तरंगत्या तळावरून सुटणाऱ्या फेऱ्या तर दहा-पंधरा मिनिटांच्याच. बोटीने रीफवर जाणारच असाल तर त्या सोयीच्या, नाहीतर नको. हार्ट रीफवर कुणालाच उतरता किंवा पोहता येत नाही, तिला संरक्षण आहे. "हार्ट रीफवर स्नॉर्कलिंग" असं कुठे वाचलंत तर ते शेजारच्या पाण्यातलं असतं.

## टप्पा ४: नोंदणी करताना

पहिल्या पूर्ण दिवसाचं उड्डाण घ्या. आलात, रात्री झोपलात, सकाळी उडालात. हवेमुळे रद्द झालं तर पुढचे दिवस हातात राहतात. यापेक्षा महत्त्वाचा सल्ला माझ्याकडे नाही.

पैसे भरण्याआधी हे वाचा: हवा खराब असल्यास पूर्ण पैसे परत की फक्त दुसरी तारीख? किमान किती प्रवासी झाल्यावर विमान उडतं? वेळ त्यांच्याकडून बदलू शकते का? तुम्ही ओहोटी बघून अकराची वेळ घेतलीत आणि त्यांनी प्रवासी कमी म्हणून दुपारी चारला ढकललं, तर चालणार नाही, हे नोंदणीच्या वेळीच लिहून द्या.

आता वजन. प्रत्येकाचं वजन विचारतात. खरं लिहा, कपडे-बुटांसकट. छोट्या विमानात कोण कुठे बसणार हे वजनावरून ठरतं, कारण पुढचा-मागचा तोल सांभाळावा लागतो. आमच्या एका पाहुण्या काकांनी फॉर्मवर ७८ लिहिलं. तो आकडा त्यांच्या निवृत्तीच्या सुमाराचा असावा. तळावर काट्यावर उभे राहिले तर ९१. काकू बाजूला पुटपुटल्या, "मी कधीपासून सांगतेय." मग सगळ्यांच्या जागा बदलल्या, काका पुढे पायलटशेजारी आणि काकू एकट्या शेवटच्या रांगेत. पुढची जागा मिळाल्याने काका खूश होते, काकू मात्र संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

तपासा: वजन जास्त असल्यास दोन जागांचे पैसे लागतात का, आणि पर्स-कॅमेरा बॅगेला मर्यादा किती, हे आधी विचारा.

## टप्पा ५: आदला दिवस

डायव्हिंग नको. हवेची टाकी लावून पाण्याखाली गेलात तर लगेच उडायचं नसतं. एकच साधी डुबकी असेल तर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा लागोपाठच्या दिवशी असतील तर १८ तास, असा सर्वमान्य नियम आहे. बरेच विमानवाले सरळ २४ तास मागतात. "पहिल्यांदाच, दहा मिनिटांचीच" डुबकीही यात मोजली जाते. उलटा क्रम चालतो: आधी उड्डाण, मग डायव्हिंग. पहिल्या दिवशी उडा म्हणते त्याचं हेही एक कारण. नुसतं स्नॉर्कलिंग केलं असेल तर अडचण नाही.

मळमळ. ज्याला घाट चढताना गाडी लागते, त्याला हे विमान लागण्याची शक्यता धरूनच चाला. रीफवर विमान एका अंगावर कलून गोल फिरतं, तेव्हाच पोट वर येतं. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि उड्डाणाच्या तासभर आधी गिळा. विमानात बसल्यावर घेतलेल्या गोळीचा काही उपयोग नाही. आलेपाक ज्याला चालतो त्याला चालतो. भारतातून आणलात तर ऑस्ट्रेलियात शिरताना प्रवासी कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून जाहीर करा, लपवू नका. नाश्ता हलका घ्या, पण रिकाम्या पोटी जाऊ नका.

गोळ्या आणि बाथरूम. छोट्या विमानात शौचालय नसतं. ज्येष्ठांच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा लघवी वाढवणारं औषध असतं, आणि ती सकाळीच घ्यायची असते. त्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी चुकवू नका. सकाळचा दुसरा चहा मात्र चुकवा.

कपडे. गडद रंगाचा, शक्यतो काळा शर्ट. फॅशन म्हणून नाही. पांढरा शर्ट खिडकीच्या काचेत उमटतो आणि प्रत्येक फोटोत येतो. साडीला हरकत नाही, पण पदर खोचलेला हवा. ओढणी आणि टोपी पिशवीत. चढायची पायरी अरुंद असते, तेव्हा सुटी चप्पल नको.

## टप्पा ६: सकाळी, तळावर

निघण्याआधी फोन करून उड्डाण नक्की आहे ना विचारा. एअर्लीत ढग असले म्हणजे रीफवर असतीलच असं नाही, आणि उलटंही होतं. जमिनीवरून आकाश बघून तुम्ही स्वतः रद्द करू नका, निर्णय पायलटला घेऊ द्या. त्याने नाही म्हटलं तर घासाघीस करू नका.

सुरक्षिततेची सूचना देतात तेव्हा फोन खाली ठेवा. लाइफ जॅकेट कमरेला बांधायच्या छोट्या पिशवीत असतं. ते फुगवायची दोरी विमानाच्या आत कधीही ओढायची नाही, बाहेर पडल्यावरच. आई-बाबांना इंग्रजी बोलणं भरभर कळत नसेल तर तुम्ही तिथेच मराठीत पुन्हा सांगा.

आणखी एक गोष्ट मराठीत सांगा: घड्याळाची भाषा. पायलट हेडफोनमधून "व्हेल, टू ओ'क्लॉक" म्हणतो. विमानाचं नाक म्हणजे बारा, उजवा पंख म्हणजे तीन, डावा म्हणजे नऊ. माझ्या बाबांना हे सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आत्ता तर अकरा वाजलेत." देवमासा तोवर बुडी मारून गेला.

कानातलं यंत्र वापरणाऱ्यांनी हेडफोन लावून बघा. शिटी वाजत असेल तर यंत्र काढून खिशात ठेवा.

## टप्पा ७: हवेत

किनाऱ्यापासून रीफपर्यंत सुमारे ७० किलोमीटर आहेत, म्हणजे वीसेक मिनिटं. आधी बेटं येतात, मग नुसतं पाणी. या वेळात फोटोंची घाई नको. गाडी लागणाऱ्यांनी नजर दूर क्षितिजावर ठेवा, मांडीवरच्या फोनवर नको.

मग पाण्याखाली फिकट पट्टे उजळायला लागतात. आता काय बघताय ते समजून घ्या, नाहीतर "रंगीबेरंगी पोवळी कुठायत?" म्हणून हिरमोड होतो. वरून पोवळ्यांचे रंग दिसत नाहीत. फिरोजी दिसतं ती उथळ पाण्याखालची वाळू. तपकिरी-शेवाळी दिसतं ते बहुधा जिवंत प्रवाळ, ते मेलेलं आहे असं समजून हळहळू नका. गर्द निळा म्हणजे खोल पाणी.

हृदय शोधायचा माझा मार्ग: आधी "द रिव्हर" शोधा. हुक रीफ आणि हार्डी रीफ यांच्यामधून जाणारी गर्द निळी, नदीसारखी वळणदार फट. ती चुकणं शक्य नाही. मग नजर हार्डीच्या आतल्या शांत, फिकट पाण्यात न्या. तिथे सुट्या प्रवाळांचे ठिपके असतात, त्यांतलाच एक हृदय. लोक मोठं काहीतरी शोधत राहतात आणि ते समोर असून दिसत नाही.

फोटोंसाठी:

1. फोन किंवा लेन्स काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका. टेकवलीत तर इंजिनाची थरथर फोटोत उतरते.
2. पोलराइझर फिल्टर काढून ठेवा. पाण्यावरची चमक घालवायला तो उत्तम, पण विमानाची खिडकी प्लास्टिकची असते आणि पोलराइझरमधून तिच्यावर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. महागडा कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची ही हमखास चूक.
3. कॅमेऱ्यात शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. फ्लॅश बंद.
4. फोनमध्ये दूरच्या पाण्यावर बोट दाबून फोकस लॉक करा. नाहीतर तो खिडकीवरच्या ओरखड्यावर जाऊन बसतो.
5. वाइड अँगल वापरलात तर पंखाचा दांडा फोटोत येतो. साधी लेन्स किंवा दुप्पट झूम बरी.
6. विमान तुमच्या बाजूला कलेल तेव्हाच भराभर काढा. ती दहा-पंधरा सेकंदं असतात.

इशारा: विमान समोरच्या बाजूला कललं म्हणून शेजाऱ्याच्या अंगावरून वाकू नका, पट्टा सोडू नका. तुमची फेरी येते. पहिल्या फेरीत फोटो, दुसऱ्या फेरीत नुसत्या डोळ्यांनी बघा.

मळमळ सुरू झालीच तर लगेच सांगा. वरच्या हवेच्या झोताचं तोंड स्वतःकडे वळवा, पिशवी हातात घ्या. पायलटला कळलं तर तो कलणं कमी करतो. संकोचाने गप्प बसणाऱ्यांचंच जास्त बिघडतं.

## टप्पा ८: रद्द झालं तर

तळावरूनच, तिथून हलण्याआधी, पुढची जागा मागा. हॉटेलवर जाऊन फोन करेपर्यंत त्याच विमानातल्या बाकीच्यांनी उद्याच्या जागा घेतलेल्या असतात. ओहोटी उद्या पन्नास मिनिटं उशिरा आहे, तेव्हा आजचीच वेळ घेऊ नका, तासभर पुढची मागा. पुढचे दिवसही ढगाळ सांगत असतील तर पैसे परत घ्या आणि त्या पैशांत बोटीने हार्डी रीफला जा. पावसात पाण्याच्या वरून काही दिसत नसलं तरी पाण्याखाली मासे असतातच. आणि तिथे टाकी लावून डुबकी मारलीत, तर घरी जायचं विमान किती तासांनी आहे ते मोजायला विसरू नका.